एलनबाई आणि मोरीचे पाणी



आपल्या मंडळाला यंदा २५ वर्षे पुरी झाली. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम अंगच चोरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लग्नानंतर किराण्याची यादी आणि दूधवाल्याचा हिशेब यापलीकडे माझ्या हातून फारसे लिहिणे झाले नाही. एखादी पाककृती द्यावी म्हटले, तर त्या देणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत आणि माझ्याहून चांगल्या आहेत. शेवटी ठरवले की, गेले वर्षभर एक बाई माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे, तिचीच हकीकत लिहावी.

ही बाई आपल्याकडची नव्हे, अमेरिकेतली. तिला जाऊन शंभरावर वर्षे लोटली. तिचे नाव एलन स्वॅलो रिचर्ड्स. मुलींना कॉलेजात गृहविज्ञान हा विषय असतो, त्याचा पाया घालणाऱ्यांत तिचे नाव आधी घेतात. परंतु माझी नि तिची ओळख झाली ती स्वयंपाकघरात नव्हे, मोरीच्या तोंडाशी. ती कशी, हे आधी सांगते, म्हणजे पुढचे समजेल.

आमच्या घरामागे सासूबाईंच्या वेळेपासून मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि चार केळी होती. पाच वर्षांपूर्वी घराची दुरुस्ती निघाली, तेव्हा मीच हट्ट धरला की हे रान काढून टाकावे. डास होतात, पाहुण्यांना बरे दिसत नाही, असे माझे म्हणणे. आमच्या ह्यांनी फरशी बसवून घेतली, पाइप टाकला, आणि मोरीचे पाणी सरळ गटारात जाऊ लागले. संडासाच्या टाकीचे वरचे पाणीही त्याच गटारात सोडले. गटार ओढ्याला मिळते. आमचे पाहून आळीतल्या बहुतेकांनी तसेच केले. सासूबाई एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त कर्दळीचा एक कांदा उचलून फुटक्या बादलीत लावून ठेवला.

दोन-तीन वर्षांत ओढ्याची दशा झाली. पाण्यावर हिरवी साय आली, मग जलपर्णी पसरली, उन्हाळ्यात नाकाला पदर लावल्याशिवाय पुलावरून जाववेना. माझी धाकटी लेक तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. तिने ओढ्याचे पाणी बाटलीत भरून नेले. त्यात अमोनिया फार निघाला. घरी येऊन ती मला समजावू लागली की, माणसाच्या अंगातून दररोज साधारण १० ग्रॅमच्या आसपास नत्र बाहेर पडते, बहुतेक लघवीतून. त्याचा पुढे अमोनिया होतो. संडासाची टाकी मळ खाली बसवते, पण अमोनिया तिच्यातून जसाच्या तसा बाहेर येतो. तोच ओढ्यात गेला की माशांना मारतो, पाण्यातला प्राणवायू खातो आणि जलपर्णीला खत होतो. मी विचारले, मग त्याचे काय करायचे, आणि हे सारे शोधले तरी कोणी? तिने चार-पाच नावे सांगितली. त्यांत हे एक बाईमाणसाचे नाव निघाले. मी म्हटले, आधी ह्या बाईचे सांग. तिने वाचून सांगितले, मी वहीत उतरून घेतले. तेच आज आपल्यापुढे ठेवते.

एलनबाईंचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डन्स्टेबल या खेड्यात झाला. मेरिमॅक नावाची मोठी नदी आहे, तिच्या खोऱ्यातला हा भाग. आई-वडील दोघेही शिक्षकी केलेले, घरची शेती, आणि ही एकुलती एक मुलगी. लहानपणी प्रकृती नाजूक, म्हणून तिला मोकळ्या हवेत वाढवले. घरकामातही ती तरबेज झाली. तेराव्या वर्षी जत्रेतल्या प्रदर्शनात तिच्या पावाला आणि भरतकामाच्या रुमालाला बक्षीस मिळाले होते. मुलीला चांगली शाळा मिळावी म्हणून वडिलांनी शेत सोडून गावात दुकान घातले. ती शाळा शिके, दुकानात हिशेब पाही, आणि आई वारंवार आजारी पडे तेव्हा घरही सांभाळी.

शाळा संपली आणि पुढे दार बंद झाले. त्या काळी मुलींना घेणारी कॉलेजे तिकडेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. काही वर्षे तिची अशी गेली की, शिकवण्या कर, लोकांची साफसफाई कर, आजाऱ्यांची शुश्रूषा कर, दुकान पाहा, आणि मनातल्या मनात कुढत राहा. परंतु त्या कुढण्यातही तिने एक एक डॉलर बाजूला टाकला. ३०० डॉलर साठले, तेव्हा १८६८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तिने मुलींच्या व्हॅसर कॉलेजात नाव घातले. हे वाचताना मला आपल्या मंडळातल्या त्या भगिनी आठवल्या, ज्यांनी नातवंडे झाल्यावर दहावीचा फॉर्म भरला. वेळ निघून गेली असे म्हणणारे नेहमी दुसरेच असतात.

व्हॅसरला मारिया मिचेल नावाच्या नामांकित ज्योतिर्विद बाई शिकवीत असत. एलनबाईंना आकाशातले ताऱ्यांचे शास्त्र आवडे, पण रसायनशास्त्राच्या गुरुजींनी त्यांना असे शिकवले की, हे शास्त्र रोजच्या जगण्याच्या कामी आले पाहिजे. ते त्यांच्या मनात बसले. १८७० साली पदवी मिळाली. कारखान्यांत रसायनशाळेचे काम मागितले, तर बाईला कोणी घेईना. शेवटी त्यांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे अर्ज केला. तिथे तोवर एकही स्त्री विद्यार्थिनी नव्हती. १८७० च्या डिसेंबरात त्यांना खास बाब म्हणून प्रवेश मिळाला, आणि फी माफ झाली.

त्यांना वाटले, आपली गरिबी पाहून माफ केली असेल. खरी गोष्ट पुष्कळ पुढे कळली. फी घेतली असती तर नाव विद्यार्थ्यांच्या पटावर गेले असते. उद्या कोणी हरकत घेतली, तर ही बाई आमची विद्यार्थिनी नाहीच असे म्हणायला वाट राहावी, म्हणून फी घेतली नव्हती. हे आधी कळते तर आपण पाऊलही टाकले नसते, असे त्या पुढे सांगत. मला वाटते, बरे झाले कळले नाही. काही अपमान उशिरा कळलेलेच बरे, तोवर काम होऊन जाते.

तिथे त्या वागल्या कशा, तेही ऐकण्यासारखे आहे. त्यांनी भांडण काढले नाही. प्रयोगशाळेत सुई, दोरा, टाचण्या जवळ ठेवीत. कोणा प्राध्यापकाचे बटण तुटले, लावून दे. टेबलावर धूळ दिसली, झाडून घे. आजकालच्या मुलींना हे आवडणार नाही. माझ्या लेकीलाही आवडले नाही. ती म्हणाली की, पुरुष विद्यार्थ्याला कोणी बटणे लावायला लावली नसती. तेही खरेच. परंतु एलनबाईंनी पक्के ओळखले होते की, आपल्यामागून येणाऱ्या मुलींसाठी दार उघडे ठेवायचे, तर आपण कोणाला नकोशा होता कामा नये. अशातच १८७१ साली वडील रेल्वेच्या अपघातात गेले. आईचा भार अंगावर आला. तरीही अभ्यास सोडला नाही. १८७३ साली त्या संस्थेची पदवी मिळवणारी त्या पहिल्या स्त्री झाल्या. पुढची डॉक्टरची पदवी मात्र संस्थेने स्त्रीला दिली नाही.

पाण्याशी त्यांची गाठ विद्यार्थिदशेतच पडली. राज्याच्या आरोग्य मंडळाने १८७२ साली नद्या-तळ्यांच्या पाण्याचे परीक्षण एका प्राध्यापकाकडे दिले होते. त्यांच्या हाताखाली पृथक्करणाचे बहुतेक काम एलनबाईंनी केले, आणि त्या कामात त्यांचा हात बसला. १८७५ च्या जून महिन्यात त्यांनी त्याच संस्थेतले खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी लग्न केले. मागणी प्रयोगशाळेतच घातली गेली, आणि लग्नानंतरचा प्रवास म्हणजे नवऱ्याच्या विद्यार्थ्यांसह नोव्हा स्कोशियाच्या खाणी पाहणे! नवी नवरी जाड बूट आणि आखूड घागरा घालून खाणींत उतरली. मूलबाळ झाले नाही. बोस्टनजवळ जमेका प्लेन येथे त्यांनी घर केले. जाड पडदे आणि गालिचे काढून टाकले, खिडक्यांत झाडे लावली, हवा खेळती ठेवली. शिकणाऱ्या मुली घरकामाला हात लावून त्यांच्याकडे राहत.

१८७६ साली, शिकलेल्या स्त्रियांच्या एका संस्थेच्या मदतीने, त्यांनी स्त्रियांसाठी निराळी रसायनशाळा सुरू करवली. तिथे त्या बिनपगारी शिकवीत आणि वर पदरचे पैसे घालीत. १८८३ साली संस्थेने मुलींना मुलांबरोबर घ्यायचे ठरवले आणि ती शाळा बंद झाली. ज्यासाठी झटल्या ते साधले, आणि त्यातच स्वतःचे काम गेले. असे आईपणात होते, तसेच. परंतु १८८४ साली संस्थेने पाणी, हवा आणि सांडपाणी यांच्या रसायनशास्त्राची नवी प्रयोगशाळा काढली आणि तिथे त्यांना शिक्षिका नेमले. मरेपर्यंत, म्हणजे २७ वर्षे, त्या त्या जागेवर राहिल्या.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १८८७ साली आरोग्य मंडळाने सबंध राज्याच्या पाण्याची पाहणी करायचे ठरवले. प्रमुख थॉमस ड्राउन नावाचे प्राध्यापक होते, पण प्रयोगशाळा चालवली एलनबाईंनी. गावोगावच्या नद्या, तळी, विहिरी यांच्या बाटल्या महिन्याच्या महिन्याला येत. पाणी शिळे झाले की त्यातला नत्र पालटतो, म्हणून आलेली बाटली वेळेत तपासणे भाग असे. अमोनिया ओळखण्याची एक युक्ती आहे. पाण्यात एक औषध घातले की ते पिवळे पडते. अमोनिया जितका जास्त तितका रंग गडद, तांबूस. ओळीने नळ्या लावून रंगाला रंग ताडून पाहायचा. आपण पाकाची तार बघतो, तसे हे नजरेचे काम. अशा हजारो बाटल्या त्यांच्या आणि त्यांच्या मदतनीस मुलींच्या हाताखालून गेल्या.

त्यातून एक नकाशा तयार झाला. मिठाचा अंश समुद्राजवळच्या पाण्यात अधिक असतो आणि आत जावे तसा कमी होतो. कोणत्या गावाला किती असायला हवा, हे त्या नकाशावर रेघांनी दाखवले. त्याहून जास्त मीठ निघाले, तर समजावे की माणसांचे सांडपाणी त्या पाण्यात मिसळते आहे. मीठ नासत नाही, उडून जात नाही; म्हणून ते चुगली करते. आणि नत्र सांगतो की घाण किती ताजी. अमोनिया असेल तर नुकतीच मिसळलेली. नायट्रेट असेल तर जुनी, हवा लागून पालटलेली.

हे पालटणे होते कसे, हाच मोठा प्रश्न होता. पूर्वी लोक समजत की, हवा लागली की आपोआप होते. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडले. वीस दिवस काहीच झाले नाही. मग एकाएकी अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्म सोडला, तर ते काम थांबले. म्हणजे करणारे कोणीतरी जिवंत आहे! आपल्याला हे सांगायला कशाला हवे? दुधात विरजण लावल्यावर दही लागायला वेळ लागतोच. वाळूलाही विरजण लागावे लागते.

इकडे १८८७ सालीच मेरिमॅक नदीकाठी लॉरेन्स या शहरात आरोग्य मंडळाने सांडपाण्याच्या प्रयोगांचे केंद्र उघडले. वरच्या लोवेल शहराची घाण नदीत, आणि खालचे लॉरेन्स तेच पाणी पिई. विषमज्वराने माणसे मरत. केंद्रात मोठमोठ्या लाकडी टाक्यांत वाळू, खडी, माती भरली आणि वरून सांडपाणी सोडले. त्यात एक नियम सापडला, तो माझ्या मनावर कोरला गेला आहे. पाणी सतत सोडत राहिले, तर वाळू तुंबते, नासते, काम बंद पडते. तेच पाणी थोडे सोडून मग वाळूला विसावा दिला, म्हणजे निथळताना पोकळीत हवा शिरते आणि जंतू जोमाने काम करतात. अमोनियाचे नायट्रेट होते आणि पाणी जवळजवळ स्वच्छ बाहेर येते. न थांबता राबवले की वाळूसुद्धा थकते, तिथे आपली काय कथा!

या कामाला जोडूनच एलनबाई आणि एडविन जॉर्डन नावाचे तरुण जंतुशास्त्रज्ञ यांनी, हे काम करणारा जंतू वेगळा काढण्याचा ध्यास घेतला. काम अवघड होते. इतर जंतूंना जिलेटिनचे पोषक खाणे घातले की ते झटकन वाढतात. हा मात्र त्याकडे ढुंकून पाहत नाही. त्याला अमोनिया आणि हवा एवढेच हवे. १८९० साली दोघांचा निबंध आरोग्य मंडळाच्या अहवालात छापला गेला. त्याच साली झुरिचमध्ये विनोग्राड्स्की यांनी, आणि ब्रिटनमध्ये पर्सी व ग्रेस फ्रँकलंड या नवरा-बायकोने तेच काम केले. सर्वांत पक्का पुरावा विनोग्राड्स्कींचा ठरला आणि शास्त्रात नाव त्यांचे राहिले. थोड्याच काळात हेही कळले की, जंतू दोन जातींचे असतात; एक अमोनियाचे अर्धे काम करतो आणि दुसरा ते पुरे करतो. एलनबाईंना पहिला मान मिळाला नाही. परंतु त्या जंतूच्या मागे लागलेल्या मोजक्या माणसांत दोन स्त्रिया होत्या, एक एलनबाई आणि एक ग्रेसबाई, हे आपण ध्यानात ठेवावे.

माझी लेक म्हणाली की, इथे अर्धेच काम होते. नायट्रेट झाले म्हणून नत्र गेला असे नव्हे. तो पाण्यातच राहतो आणि पाझरून विहिरीत उतरतो. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट नसावे असा दंडक आहे. जास्त झाले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नेता येत नाही, बाळ निळे पडते. म्हणून नायट्रेटही घालवावे लागते, आणि ते काम करणारे जंतू निराळे. फ्रान्समध्ये गेयाँ आणि ड्युपेती यांनी ते १८८६ सालापर्यंत दाखवून दिले होते. हे जंतू हवा नसलेल्या चिखलात राहतात. श्वासाला प्राणवायू मिळेना, म्हणून तो नायट्रेटातून काढून घेतात. मागे राहतो नत्रवायू, तो बुडबुड्याने वर जाऊन हवेत मिसळतो. आपल्या भोवतीच्या हवेत शेकडा ७८ भाग नत्रवायूच आहे. तिथे तो कोणाचे वाईट करीत नाही. मात्र या जंतूंना खायला सडलेले पान, मुळी असे काहीतरी लागते.

म्हणजे एका कामाला हवा हवी आणि दुसऱ्याला हवा नको. दोन्ही शेजारी-शेजारी कुठे मिळतात? पाणथळीत! लव्हाळे, पाणकणीस उगवते त्या दलदलीत. तिथे कुठे हवा खेळते, मुळांच्या अंगाला थोडी लागते, आणि जरा खाली गच्च चिखल. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत प्लोन येथे केटे सेडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी, लव्हाळ्याच्या जातीची झाडे लावून घाण पाणी सुधारण्याचे प्रयोग सुरू केले. त्या १९९० साली वारल्या. त्यांच्यापासून जी वाट निघाली, तिच्यावर आज कितीतरी देशांत मुद्दाम बांधलेल्या पाणथळी आहेत. खाली पाणी न झिरपणारा थर, वर खडी आणि वाळू, त्यात झाडे. एक वाफा असा की, पाणी वरून सोडायचे आणि निथळू द्यायचे, म्हणजे हवा शिरते. दुसरा असा की, पाणी खडीच्या आतून आडवे सावकाश जाते, म्हणजे हवा लागत नाही. पहिल्यात अमोनियाचे नायट्रेट, दुसऱ्यात नायट्रेटाचा नत्रवायू. पहिला वाफा म्हणजे लॉरेन्सची विसावा घेणारी वाळूच की! आपल्याकडे नागपूरच्या नीरी या संस्थेने अशीच पद्धत बसवली, तिला फायटोरिड म्हणतात. तिच्यात कर्दळीसारखी आपल्या ओळखीची झाडेही लावतात.

हे ऐकून मी सासूबाईंच्या अळवाचे कौतुक करू लागले, तर लेकीने तिथेही मला सावध केले. नत्र झाडे खातात, पण तो थोडा भाग. खरे काम मुळांभोवतीच्या आणि खडीवरच्या जंतूंचे. झाडाने खाल्लेलेही, पाने वेळेवर कापून बाहेर नेली तरच गेले. तिथेच सडू दिली, तर फिरून पाण्यात. शिवाय संडासाचे पाणी आधी टाकीत निवले पाहिजे, मगच वाफ्यात यावे. आणि त्या पाण्यावरचे अळू काही ताटात घेऊ नये.

एलनबाईंची राहिलेली हकीकत थोडक्यात सांगते. पाण्यापाठोपाठ त्यांनी दुकानातले जिन्नस तपासले. कशात काय भेसळ असते ते १८८५ साली पुस्तकात लिहिले. १८८२ सालीच स्वयंपाक आणि साफसफाई यांच्या रसायनशास्त्रावर त्यांनी बायकांसाठी पुस्तक काढले होते. १८९० साली बोस्टनला कष्टकऱ्यांसाठी स्वस्त, पौष्टिक अन्न देणारे स्वयंपाकघर उघडण्यात त्यांचा पुढाकार होता. १८९९ पासून लेक प्लॅसिड येथे दरवर्षी परिषदा भरवून गृहविज्ञानाला शास्त्राचे रूप दिले, आणि १९०८ साली त्या विषयाच्या अमेरिकन संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. ज्या काळी घराबाहेर पडलेली बाई घर विसरते असे म्हणत, त्या काळी या बाईने घरच प्रयोगशाळेत नेले. १९१० साली स्मिथ कॉलेजने त्यांना सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. वाळूला विसावा द्यावा हे कळलेल्या या बाईंनी स्वतः मात्र विसावा घेतला नाही. ३० मार्च १९११ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, वय ६८. त्या साली त्यांचे जे पुस्तक निघाले, ते हवा, पाणी आणि सांडपाण्याची विल्हेवाट यांवरचेच होते.

आता माझ्या मोरीचे. यंदा होळीनंतर आम्ही मागची फरशी फोडली. फोडायचा खर्च बसवायच्या खर्चाहून फार कमी नाही आला, आणि ह्यांनी मला ते दोनदा ऐकवले, ऐकून घेतले. लेकीच्या कॉलेजातल्या जाणत्या माणसांना विचारून टाकीच्या पुढे दोन वाफे केले, एक निथळता आणि एक तुडुंब. पाणी खडीच्या खाली राहते, म्हणून डास नाहीत. माझी तीच मोठी धास्ती होती. दुसऱ्या वाफ्यात सासूबाईंच्या बादलीतल्या कर्दळीचे कांदे लावले. सासूबाई ओट्यावर बसून कुठे किती अंतर सोडायचे ते सांगत होत्या. पहिले काही आठवडे लेकीच्या नळीत रंग काही उतरेना. मी घाबरले. ती म्हणाली की, विरजण लागू दे. मग हळूहळू रंग फिका होऊ लागला. अजून तो अगदी जात नाही. थंडीत काय होते ते पाहायचे आहे.

एका घराच्या दोन वाफ्यांनी ओढा सुधारत नाही, हे मला कळते. म्हणून हा लेख. ओढ्यावर आळीतली ३१ घरे पाणी सोडतात. मी स्वतः मोजली आहेत. आपल्या मंडळाने २५ वर्षांत भिशी, हळदीकुंकू, शिवणवर्ग, सहली सगळे केले. यंदा आपल्या सभागृहामागच्या पडीक जागेत सबंध आळीच्या पाण्यासाठी असा एक मोठा वाफा, जाणकारांकडून आखून घेऊन, करावा, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. गटारे काढून देण्याचा हट्ट पहिल्यांदा मीच धरला होता, तेव्हा बोलणी खाण्याचा पहिला मानही माझाच. कर्दळीचे कांदे सासूबाईंनी वेगळे काढून ठेवले आहेत. ज्यांना हवे असतील, त्यांनी दुपारी तीननंतर केव्हाही यावे.